बर्लिनच्या ‘इफा’मध्ये नवी गॅजेट्स बघायला जाताय? या चुका टाळा

सप्टेंबरच्या सुरुवातीला, शुक्रवार ते मंगळवार असे पाच दिवस, बर्लिनच्या मेस्से मैदानावर ‘इफा’ हे ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन भरतं. आपल्याकडे लास वेगासच्या सीईएस या अशाच प्रदर्शनाचा गाजावाजा जास्त होतो. पण तिथे फक्त या धंद्यातल्या माणसांना प्रवेश असतो, तर इफाचं तिकीट कुणीही काढू शकतं. त्यामुळे जर्मनीत शिकणारी आणि नोकरी करणारी मराठी मुलं, त्यांच्याकडे राहायला आलेले आईवडील, कामानिमित्त आलेले इंजिनिअर, गावाकडे इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान असलेले व्यापारी असे कितीतरी जण तिथे चक्कर मारतात. आणि बहुतेक जण पिशवीभर माहितीपत्रकं आणि फोनभर फोटो घेऊन परततात. मग घरून फोन येतो, ‘घ्यायचा का मग तो टीव्ही?’ तेव्हा उत्तर सुचत नाही.

हे प्रदर्शन १९२४ पासून भरतंय. १९३० साली २२ ऑगस्टला त्याचं उद्घाटन अल्बर्ट आइनस्टाइन यांनी केलं होतं. त्या भाषणात त्यांनी सरळ सांगितलं की, विज्ञान-तंत्रज्ञानाचे चमत्कार विचार न करता वापरणाऱ्यांना आणि त्यातलं, गाईला आपण खात असलेल्या झाडापाल्याच्या शास्त्रातलं कळतं तेवढंच कळणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे. शब्द कडक आहेत, पण इफाला जाणाऱ्याने ते मनावर घ्यावेत. कारण एरवी दुकानात आपल्यासमोर विक्रेता असतो. इथे ते यंत्र ज्याने बनवलं तो माणूस समोर उभा असतो, यंत्र उघडं असतं आणि प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. ही संधी वाया जाते ती पुढच्या चुकांमुळे.

एका दिवसात सगळं बघायचा हट्ट

मेस्सेचं आवार प्रचंड आहे. पंचवीसहून जास्त हॉल, त्यातले काही दुमजली. हॉलच्या नंबरापुढचा टिंब आणि आकडा मजला सांगतो, हे लक्षात न आल्याने माणसं बरोबर हॉलमध्ये चुकीच्या मजल्यावर हिंडत बसतात. २०२४ च्या शताब्दीच्या इफाला दोन लाखांहून जास्त लोक आले होते, यावरून गर्दीचा अंदाज येईल. दक्षिण दारासाठी एस-बानचं (तिथली लोकल) मेस्से झ्यूड स्टेशन आणि उत्तर बाजूसाठी यू-२ या मेट्रोचं कायझरडाम, एवढं माहीत असलं तरी सकाळचा अर्धा तास वाचतो. शनिवार-रविवारी बर्लिनकर सहकुटुंब येतात. सोमवारी सकाळी स्टॉलवरच्या माणसांना बोलायला सवड असते. मंगळवारी दुपारनंतर आवराआवर सुरू होते, तेव्हा जाऊन उपयोग नाही.

जाण्याआधी घरातल्या कोणत्या दोन-तीन वस्तू बदलायच्या आहेत ते ठरवा. तेवढेच हॉल नीट बघा, बाकीचे वाटेत दिसले तर बघा. आणि खिशात एक मोजपट्टी ठेवा. ती कशाला, ते पुढे येईलच.

टीव्हीच्या भिंतीसमोर भुलणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. हॉलमधला प्रत्येक टीव्ही खास त्याच्यासाठी बनवलेली चित्रफीत दाखवत असतो. काळ्या पार्श्वभूमीवर संथ उमलणारं फूल, मधाची धार, रंगीत पोपट. कॅमेरा हळू फिरतो, कारण वेगवान हालचालीत पॅनेलचा कमकुवतपणा उघडा पडतो. रंगही भडक ठेवलेले असतात, कारण झगझगीत हॉलमध्ये शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसायचं असतं. हेच चित्र घरच्या बैठकीत रात्री पाहिलं तर डोळे दुखतील.

म्हणून स्टॉलवरच्या माणसाकडे रिमोट मागा. बऱ्याच ठिकाणी देतात. पिक्चर मोड ‘व्हिविड’ किंवा ‘डायनॅमिक’वर असेल तर ‘फिल्ममेकर मोड’ लावायला सांगा. टीव्ही कंपन्या आणि चित्रपट स्टुडिओंच्या यूएचडी अलायन्स या संघटनेने २०१९ मध्ये आणलेला हा मोड आता बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या टीव्हींत असतो. त्यात टीव्हीने स्वतःहून केलेली रंगरंगोटी आणि हालचाल गुळगुळीत करण्याची करामत बंद होते, आणि पॅनेलचा खरा चेहरा दिसतो. मग यूट्यूब उघडून एखाद्या मराठी मालिकेचा तुकडा किंवा क्रिकेटची क्षणचित्रं ४८० पी वर लावा. आपल्या घरी डीटीएचवर दिवसाचे चार तास असंच चित्र चालणार आहे, आठ-के पोपट नाही. कमी दर्जाचं चित्र मोठ्या पडद्यावर किती स्वच्छ दिसतं, खाली सरकणाऱ्या बातम्यांची अक्षरं फाटतात का, हे बघा. काळ्या पडद्यावर पांढरी सबटायटल्स लावून अक्षरांभोवती राखाडी धुकं पसरतं का तेही बघा. पसरत असेल तर पडद्यामागचे दिवे ज्या विभागांत वेगवेगळे मंद-तेज होतात, ते विभाग कमी आहेत. मग चार पावलं बाजूला सरका. काही एलसीडी पॅनेलांचे रंग बाजूने फिके पडतात, आणि घरात आजी कायम कडेच्या खुर्चीत बसत असेल तर हे आधी बघायला हवं.

नावांचा गोंधळही तिथेच मिटवून टाका. क्यूएलईडी, मिनी एलईडी आणि सध्या जोरात असलेला मायक्रो आरजीबी हे सगळे मुळात एलसीडी टीव्हीच आहेत, फरक मागच्या प्रकाशात आहे. ओएलईडी आणि मायक्रो एलईडी यांत मात्र प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. ‘मायक्रो आरजीबी’ आणि ‘मायक्रो एलईडी’ ऐकायला सख्खी भावंडं वाटतात, पण आतून वेगळी आहेत, आणि किमतीत तर जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘चार हजार निट्स’ (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) असं लिहिलेलं दिसलं तर पडद्याच्या किती भागावर, ते विचारा. हा आकडा सहसा पडद्याच्या दहा टक्के किंवा त्याहून लहान चौकोनावर मोजलेला असतो. पूर्ण पांढऱ्या पडद्यावर तो बराच खाली येतो.

राहिला आकार. उंच छताच्या हॉलमध्ये ७५ इंची टीव्ही बेताचाच वाटतो. तो १६६ सेंटिमीटर रुंद असतो. ६५ इंची १४४ आणि ५५ इंची १२२. जाण्याआधी घरच्या भिंतीवर चिकटपट्टीने हे आकार आखून बघितलेत तर हॉलमधली उंची तुम्हाला फसवणार नाही. ११६ इंची टीव्ही अडीच मीटरपेक्षा रुंद असतो, तो आपल्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये जाणार नाही.

घराची मापं न घेता घरगुती उपकरणं बघणं

२००८ पासून इफात फ्रीज, वॉशिंग मशीन, ओव्हन वगैरेंचे हॉलही असतात. मला विचाराल तर मराठी घराच्या दृष्टीने तेच सगळ्यात मोलाचे, आणि आपली माणसं नेमकी तिथूनच घाईघाईने निघून जातात.

फ्रीज घ्या. दारावरचा पडदा, आतला कॅमेरा, संपलेल्या दुधाची आठवण करून देणारं अ‍ॅप, हे सगळं स्टॉलवरची मुलगी आपणहून दाखवेल. तुम्ही दार उघडून खाली वाका. भाजीच्या ट्रेजवळ, आतल्या बाजूच्या भिंतीवर तळहाताएवढी रेटिंग प्लेट चिकटवलेली असते. त्यावर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. जर्मनीत त्याला ‘क्लिमाक्लास्से’ म्हणतात. ‘एन’ म्हणजे १६ ते ३२ अंशांच्या खोलीसाठी बनवलेला, ‘एसटी’ म्हणजे ३८ अंशांपर्यंत, ‘टी’ म्हणजे ४३ पर्यंत. ‘एसएन-टी’ असं लिहिलं असेल तर १० ते ४३ पर्यंतचा सगळा पल्ला. बर्लिनच्या स्वयंपाकघरात ‘एन’ सुखाने चालतो. चंद्रपूर, अकोला, जळगावच्या मे महिन्यात बाहेर पारा ४५ ला टेकतो आणि आत ओट्यावर पोळ्या चालू असतात, तिथे ‘एन’ फ्रीजचा कॉम्प्रेसर दिवसभर बंद होणार नाही आणि दूध तरीही नासेल. ‘टी’ नसेल तर तो फ्रीज विदर्भ-खानदेशासाठी नाही, मग त्याच्या दारावर काहीही झळको. मुंबई-पुण्याकडच्या लोकांनीही ‘एसटी’च्या खाली उतरू नये.

त्याच पट्टीवर व्होल्टेजही असतं. जर्मनीची आणि आपली वीज कागदावर सारखीच, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. फरक असा की तिथलं व्होल्टेज फारसं हलत नाही. आपल्याकडे तालुक्याच्या गावात संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की दिवे मिणमिणतात. ‘किती खाली गेलं तर कॉम्प्रेसर बंद पडतो आणि पुन्हा चालू व्हायला किती वेळ घेतो?’ हा प्रश्न इंजिनिअरला विचारा. स्टॉलवरच्या पहिल्या माणसाला बहुधा माहीत नसतं, तो आतल्या कुणालातरी बोलावतो. ज्याच्याशी बोलायचं तो हाच माणूस.

वॉशिंग मशीनच्या बाबतीत पाण्याचा दाब विचारा. कित्येक युरोपीय मशिनींना किमान ०.५ बार दाब लागतो. तो तिथल्या नळाला सहज असतो. आपलं पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, आणि टाकीतलं पाणी दर मीटर उंचीला साधारण ०.१ बार दाब देतं. म्हणजे नळापासून टाकी पाच मीटर वर हवी. सर्वात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची टाकी बाथरूमच्या जेमतेम तीन मीटर वर असते. अशा घरी मशीन पाणी भरण्यातच अडकतं, पडद्यावर एरर येतो, मेकॅनिक येऊन ‘मशीन खराब आहे’ सांगून जातो, आणि दोष असतो दाबाचा. काही मॉडेलं ०.३ बारवरही चालतात. माहितीपुस्तिकेत हा आकडा असतो. तो स्टॉलवरच बघून घ्या, नाहीतर प्रेशर पंपाचा खर्च आधीच धरा.

भांडी धुण्याचं यंत्र बघताना खालच्या जाळीची उंची मोजपट्टीने मोजा. आपल्या कढईचा व्यास आणि कुकरची उंची घरून लिहून नेलेली असली की एका मिनिटात निकाल लागतो. तिथली जाळी सपाट ताटल्यांच्या हिशेबाने आखलेली असते, आपल्या खोलगट वाट्या तिच्यात तिरक्या बसतात आणि त्यात पाणी साचतं.

झाडू-पोछा करणारे रोबो हे सध्याचं मोठं आकर्षण. २०२५ च्या इफात युफी आणि ड्रीमी या कंपन्यांनी जिना चढणारी यंत्रणाही दाखवली. बघायला खरोखर थरारक. पण डेमोची जमीन सपाट असते, त्यावर मक्याचे पोहे सांडलेले असतात आणि रोबो ते गिळत पुढे जातो. आपल्या घरात दोन खोल्यांमध्ये उंबरठा असतो. त्याची उंची सेंटिमीटरमध्ये लिहून न्या. ‘इतका चढेल का?’ एवढंच विचारू नका, ‘चढवून दाखवा’ म्हणा. स्टॉलवर बहुतेक वेळा तेवढ्या उंचीची पट्टी ठेवलेली असते. बाल्कनीची पायरी, खाली उतरलेलं बाथरूम, पलंगाखालची जागा, हीसुद्धा मापं हवीत. देवघरापुढची रांगोळी वाचवायची असेल तर नकाशात ‘इथे जायचं नाही’ अशी चौकट किती छोटी आखता येते ते बघा. शेवटचा आणि महत्त्वाचा प्रश्न सुट्या भागांचा. ब्रश, फिल्टर, धुळीच्या पिशव्या भारतात मिळतात का? आपल्याकडची धूळ पाहता युरोपात दोन महिने पुरणारी पिशवी इथे निम्म्या वेळात भरेल.

काचेच्या पेटीतल्या वस्तूला बाजारातली वस्तू समजणं

प्रदर्शनात तीन प्रकारच्या वस्तू असतात. विक्रीला आलेल्या, काही महिन्यांत येणाऱ्या आणि नुसती कल्पना म्हणून मांडलेल्या. तिन्ही एकाच दिव्याखाली असतात, आणि बातम्यांतही बहुधा एकाच सुरात येतात.

सॅमसंगचा घडीचा फोन, गॅलक्सी फोल्ड, हे चांगलं उदाहरण. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो जाहीर झाला आणि बार्सिलोनाच्या मोबाइल वर्ल्ड काँग्रेसमध्ये काचेआड ठेवला गेला. एप्रिलमध्ये तपासणीसाठी पत्रकारांना दिलेल्या फोनांचे पडदे बिघडले. काहींनी पडद्यावरचं आवरण साधं संरक्षक कव्हर समजून सोललं, काहींत बिजागरीतून कचरा शिरला. विक्री पुढे ढकलली गेली, रचना सुधारली, आणि सप्टेंबरच्या इफात तो लोकांच्या हातात आला. काचेआडच्या आणि हातातल्या फोनमध्ये एवढं घडून गेलं होतं. उलट बाजूही सांगायला हवी. लेनोवोने गुंडाळी होणाऱ्या पडद्याचा लॅपटॉप २०२३ मध्ये नमुना म्हणून दाखवला, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो विक्रीसाठी जाहीर केला. नमुना म्हणजे थाप नव्हे. पण त्याच्या भरवशावर घरातला चालू लॅपटॉप विकू नये.

वस्तू कुठल्या प्रकारची आहे हे ओळखण्याची एक खूण म्हणजे पाटी. युरोपच्या नियमानुसार रेडिओ लहरी वापरणारं उपकरण, म्हणजे वाय-फाय किंवा ब्लूटूथ असलेलं काहीही, मान्यतेआधी प्रदर्शनात मांडता येतं. मात्र ‘हे अजून बाजारात आणता येणार नाही’ असं सांगणारी स्पष्ट पाटी सोबत लावावी लागते. ती लहान असते, टेबलाच्या कडेला किंवा किमतीच्या कार्डाखाली. ती शोधा. पाटी नसेल तर तीन गोष्टी विचारा. कधी, कोणत्या देशात, किती किमतीला? ‘लवकरच’ हे उत्तर आलं की वहीत ‘नाही’ लिहा. भारतात यायचं तर बिनतारी उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता आणि कित्येक वस्तूंना बीआयएस या मानक संस्थेची नोंदणी लागते. त्याचं काम सुरू झालंय का, हे विचारलंत की समोरच्यालाही कळतं की तुम्ही नुसते फोटो काढायला आलेले नाही.

आणि जे जे ‘एआय’ म्हणून विकलं जातंय, त्याला एकच कसोटी लावा. इंटरनेट काढलं तर यातलं काय चालेल? ह्युमेन कंपनीची छातीवर लावायची एआय पिन ६९९ डॉलरला विकली गेली. कंपनीचा बराचसा भाग एचपीने विकत घेतला, आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला सर्व्हर बंद झाल्यावर पिनेची जवळपास सगळी कामं थांबली. यंत्र शाबूत होतं, तरीही. म्हणून स्टॉलवर सांगा, ‘वाय-फाय बंद करून दाखवा.’ आवाजाने चालणाऱ्या आणि भाषांतर करणाऱ्या उपकरणांशी थेट मराठीत बोला. ‘उद्या पावणेसात वाजता उठव’, ‘अडीच किलो साखर यादीत टाक’ एवढ्या दोन वाक्यांत कळतं की मराठी खरंच शिकवलीय की यादीत नुसतं नाव घातलंय.

दारं आणि बिजागऱ्या दाबून बघणं

हातात घेऊन बघा, पण विचारून. २०१४ साली इफाच्या तोंडावर बर्लिनमधल्या दुकानांत सॅमसंगच्या वॉशिंग मशिनींच्या दारांचे बिजागर बिघडलेले आढळले, आणि सॅमसंगने एलजीच्या अधिकाऱ्यांवर ते मुद्दाम बिघडवल्याचा आरोप केला. एलजीचं म्हणणं होतं की आम्ही नेहमीसारखी चाचणी घेत होतो. दक्षिण कोरियात एलजीच्या घरगुती उपकरण विभागाच्या प्रमुखांवर खटला उभा राहिला, आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. दार दाबून बघण्यावरून एवढं रामायण होऊ शकतं. घडीचा फोन उघडताना, लॅपटॉपचा पडदा फिरवताना आधी स्टॉलवाल्याला करू द्या आणि मग तसंच करा. पडद्यावरची कोणतीही पातळ फिल्म नखाने उचकटू नका.

हेडफोन कानाला लावून लगेच खूश होणं

नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा आवाज दाबण्याची सोय, सखल, एकसुरी आवाजावर उत्तम चालते. हॉलच्या वातानुकूलन यंत्रणेची घरघर तशीच असते, म्हणून बटण दाबताच सगळं शांत झाल्याचा भास होतो आणि माणूस हरखतो. माणसांची बोलणी, रिक्षाचा हॉर्न, लोकलमधली फेरीवाल्याची हाक याला ती कमी पडते. म्हणून शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याला तुमच्या बाजूने नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा. चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट घालून बघा, कारण काडीमुळे कानाभोवतीची गादी उचलली जाते आणि आवाज आत शिरतो. स्टॉलवरचं ढणढण वाजणारं संगीत ऐकून निर्णय घेऊ नका. तुमच्या फोनवर आधीच उतरवून ठेवलेली, पाठ असलेली चीज लावा. तबल्याच्या बायाची घुमक आणि तंबोऱ्याची तार वेगळी ऐकू येते का? येत असेल तर हेडफोन चांगला.

मध्येच आवाज तुटला तर लगेच नापास करू नका. त्या हॉलमध्ये हजारो ब्लूटूथ उपकरणं एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात दाटीवाटीने बोलत असतात. तारेवर ऐकून बघा, किंवा स्टॉलच्या मागच्या बंद खोलीत ऐकवायची विनंती करा.

युरोपातला फोन म्हणजेच भारतातला फोन, असं धरून चालणं

नाव एक असलं तरी आत फरक असतो. नथिंग फोन ३ ची बॅटरी भारतात ५५०० एमएएच आहे, बाकी ठिकाणी ५१५०. शाओमी १५ अल्ट्राची चीनमध्ये ६००० आणि बाहेर ५४१०. यामागे बऱ्याचदा वाहतुकीचे नियम असतात. २० वॉट-तासापेक्षा मोठा बॅटरी सेल धोकादायक मालाच्या जास्त कडक नियमांखाली जातो, म्हणून काही कंपन्या युरोपसाठी लहान सेल घालतात. तेव्हा हॉलमध्ये ऐकलेला आकडा कोणत्या देशाचा, हे लिहून घ्या. फाइव्ह-जीचे बँडही देशागणिक वेगळे.

याच्या उलट, युरोपात मिळणारी एक माहिती आपल्यालाही फार उपयोगी आहे. २० जून २०२५ पासून तिथे बाजारात येणाऱ्या फोन-टॅबलेटना ऊर्जेचं लेबल बंधनकारक झालं. त्यावर एका चार्जमध्ये किती तास, किती चार्जनंतर बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर येते, पडल्यावर टिकण्याचा दर्जा आणि दुरुस्तीला किती सोपा याचा दर्जा छापलेला असतो. लेबलवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की युरोपीय महासंघाची एप्रेल ही माहितीपेढी उघडते, आणि ती कुणालाही फुकट बघता येते, अगदी सांगलीत बसूनही. नवीन नियमांनुसार तिथे बॅटरीने ८०० चार्जनंतरही ८० टक्के क्षमता राखायला हवी आणि मॉडेलची विक्री थांबल्यानंतर सात वर्षं मुख्य सुटे भाग मिळायला हवेत. ‘हे भाग भारतातही मिळतील का?’ असं विचारा, उत्तर लिहून घ्या. घरगुती उपकरणांवरचं ए ते जी लेबल मात्र आपल्या बीईईच्या ताऱ्यांशी ताडून बघू नका. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत.

कंपनीच्या पैशाने जाताना अट न वाचणं

हे व्हिडिओ बनवणाऱ्या तरुणांसाठी. २०१२ च्या इफाला सॅमसंगने काही भारतीय ब्लॉगर्सना बर्लिनला नेलं. तिथे त्यांना कंपनीचा गणवेश घालून स्टॉलवर उपकरणं दाखवायला सांगितलं गेलं, आणि नकार दिल्यावर परतीचं तिकीट व राहण्याची सोय अडचणीत आल्याची तक्रार त्यांनी जाहीरपणे केली. परक्या शहरात नोकिया त्यांच्या मदतीला धावून आली. सॅमसंगने गैरसमज झाल्याचं म्हटलं. तेव्हा आमंत्रण आलं तर काम काय, दुसऱ्या कंपन्यांचे स्टॉल बघायची मोकळीक आहे का, परतीचं तिकीट कुणाच्या हातात, हे तीन मुद्दे लेखी घेतल्याशिवाय व्हिसाचा अर्ज भरू नका.

डेमो अडला तर

अडतोच. अ‍ॅप जोडणी करत नाही, पडदा गोठतो, रोबो एका जागी गोल फिरत राहतो. बघणारे हसून पुढे जातात. तुम्ही थांबा. यंत्र बिघडल्यावर ते पुन्हा कसं सुरू करतात, हे बघायची ही एकमेव संधी असते. बटण दाबून काम भागलं की लॅपटॉप जोडावा लागला? पुन्हा सगळा नकाशा पहिल्यापासून बनवावा लागला? घरी हेच तुमच्या वाट्याला येणार आहे. दोष हॉलच्या कोंदटलेल्या नेटचा असू शकतो, म्हणून ‘केबल लावून पुन्हा दाखवाल का?’ असं नम्रपणे विचारा. समोरचा नुसता पाठ केलेलं बोलत असेल तर ‘प्रॉडक्ट मॅनेजर आहेत का?’ म्हणा. इंग्रजी बहुतेक सगळीकडे चालतं. चिनी कंपन्यांच्या छोट्या स्टॉलवर अडलं तर फोनवरचं भाषांतर पुढे धरा, ते लोक आवर्जून उत्तर देतात.

या छोट्या स्टॉलना वेळ द्याच. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट पहिल्यांदा लोकांसमोर ठेवली ती याच बर्लिनच्या प्रदर्शनात. पुढे त्या चिमुकल्या डबीतून कीर्तनं, पोवाडे आणि गणपतीच्या आरत्या आपल्या गावोगावच्या मांडवांत पोचल्या. पुढची तशी वस्तू सगळ्यात झगमगत्या मंडपातच असेल असं नाही.

बाकीचं थोडक्यात. बूट जुने आणि सवयीचे घाला. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच ठेवा, १०० वॉट-तासांच्या आतली. माहितीपत्रकं गोळा करू नका, त्यांचं ओझं होतं आणि तीच माहिती कंपनीच्या साइटवर असते. त्याऐवजी आवडलेल्या प्रत्येक वस्तूच्या रेटिंग प्लेटचा, मॉडेल नंबर स्पष्ट येईल असा, फोटो काढा. भारतात तीच वस्तू दुसऱ्या नावाने विकली जात असेल, तर नंबरावरून ओळख पटवायला मदत होते. ज्या इंजिनिअरशी बोललात त्याचं कार्ड त्याच फोटोच्या शेजारी धरून दुसरा फोटो काढा, आणि त्याच रात्री, त्याला तुमचा चेहरा आठवतोय तोवर, राहिलेला प्रश्न मेल करा. अशा मेलला उत्तर येण्याची शक्यता कस्टमर केअरच्या फोनपेक्षा कितीतरी जास्त असते.